खिशातला हेर आणि आपली संमती

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव आला. सभासदांची यादी, वर्गणी, वधू-वर नोंदणी, वाचनालयातली पुस्तके, कार्यक्रमांची निमंत्रणे, हे सारे एका मोबाइल ॲपवर न्यायचे. ॲप करून देणारी मंडळी बाहेरगावची, आणि म्हणे एक पैसाही घेणार नाहीत. फुकट! हा शब्द कानावर पडताच बैठकीतल्या निम्म्या माना डोलू लागल्या. वर्गणी गोळा करण्यासाठी दारोदार फिरून ज्यांच्या चपला झिजल्या त्यांच्या माना आधी डोलल्या, आणि त्यांना आम्ही दोष देत नाही.

आमच्यापैकी एकाने ते ॲप नमुन्यादाखल फोनवर घेऊन पाहिले. उघडल्याबरोबर त्याने पहिला प्रश्न विचारला तो नावाचा नव्हे, घराण्याचा नव्हे, वर्गणीचाही नव्हे. तुम्ही या क्षणी कुठे आहात ते पाहण्याची परवानगी द्या, असा तो प्रश्न होता. ती दिल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये नेऊन ‘नेहमी’ या पर्यायावर खूण करा असा आग्रह झाला. हे सगळे इंग्रजीत. वाचनालयाचे पुस्तक परत करण्यासाठी आमचा चोवीस तासांचा ठावठिकाणा कशाला लागतो, असे विचारल्यावर त्या मंडळींच्या तरुण प्रतिनिधीने हसून सांगितले, “काका, सगळीच ॲप मागतात. ओके करून टाका.”

ओके करून टाका! बेळगावच्या मराठी माणसाने आजवर कितीतरी गोष्टींना ‘ओके’ म्हणायचे नाकारले. तोच माणूस आता खिशातल्या फोनवर दिवसातून चार वेळा न वाचता अंगठा टेकवतो. पूर्वी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या अडाणी कुळाची आपण कीव करीत असू. त्या कुळाला निदान वाचता येत नव्हते.

बैठकीत अपेक्षेप्रमाणे दुसरा मुद्दाही आला, “आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय? सकाळी देवळात, दुपारी दुकानात, संध्याकाळी कट्ट्यावर.” आणि तिसरा, जो आम्हाला अधिक विचार करायला लावणारा वाटला, “आपल्या गल्लीत आजवर काय वेगळे होते? कोण कुठे गेला, कुणाच्या घरी कोण आला, हे समोरच्या खिडकीतल्या आजीला ठाऊक असायचेच की!”

खरे आहे. शहापुरात काय आणि अनगोळात काय, गल्लीला डोळे होतेच. पण त्या डोळ्यांचे काही नियम होते. आजी आपल्याला बघायची तसे आपणही आजीला बघत होतो. तिचे नाव, तिचे घर, तिचा स्वभाव आपल्याला ठाऊक होता. ती चार गोष्टी विसरायची, दोन चुकीच्या सांगायची, आणि फारच झाले तर तिला “आजी, पुरे आता” म्हणता येत होते. तिने पाहिलेले तिच्या डोळ्यांपुढच्या गल्लीपुरतेच होते. मुख्य म्हणजे तिने ते कुणाला विकले नाही. फोनमधला पहारेकरी विसरत नाही, झोपत नाही, गल्लीच्या टोकाला थांबत नाही आणि आपले नावही सांगत नाही. त्याला “पुरे आता” म्हणायला जावे तर दार कोणते ठोठवायचे हेच माहीत नसते.

लपवण्यासारखे काय आहे या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. २०१३ साली काही संशोधकांनी सुमारे १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नोंदींवर नावे नव्हती. माणूस कोणत्या तासाला कोणत्या टॉवरच्या टापूत होता एवढीच माहिती होती. त्यांना आढळले की अशी फक्त चार ठिकाणे वेळेसह हाती असली तर १०० पैकी ९५ माणसे त्या गर्दीतून अचूक वेगळी काढता येतात. चार ठिकाणे! आता आपल्यातल्या कुणाचीही चार ठिकाणे मोजून पाहा. १७ जानेवारीला सकाळी हुतात्म्यांना अभिवादन करायला चौकात. १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत. आणि रोज रात्री टिळकवाडीतल्या आपल्या घरी. झाली चार. वर दिवसाचे आठ तास उद्यमबागेतल्या एकाच कारखान्यात जात असतील तर चौकशीला शिपाई पाठवण्याचीही गरज उरत नाही.

फेरीत जाण्यात आपण काहीही लपवलेले नाही. आपण उघड्या तोंडाने, घोषणा देत गेलो आहोत, आणि ज्यांच्यावर खटले झाले त्यांनी ते ताठ मानेने सोसले. पण स्वतःहून फेरीत जाणे वेगळे आणि आपण गेलो होतो याची यादी कुणातरी अनोळखी व्यापाऱ्याच्या गोदामात वर्षानुवर्षे पडून राहणे वेगळे. शिवाय माणूस फक्त फेरीतच जात नाही. तो मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरकडे जातो, वकिलाकडे जातो, सावकाराकडे जातो, नवी नोकरी मागायला जातो, आणि मुलीचे स्थळ पाहायला दुसऱ्या गावी जाऊन नकार पचवून परत येतो. यात गुन्हा कोणता? तरीही हे सारे आपण चारचौघांत सांगत नाही. याला लपवणे म्हणत नाहीत, याला अब्रू म्हणतात.

पोलिसांना टॉवरच्या नोंदी मिळतातच, मग ॲपने असा कोणता नवा डोंगर कोसळवला, असेही एका सभासदाने विचारले. मुद्दा रास्त आहे. मोबाइल कंपन्यांनी कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्यात असे दूरसंचार खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये ठरवून दिले. पण टॉवर सांगतो तो मोहल्ला. ॲप सांगते ते दार. उपग्रहांचे संकेत, आसपासच्या वायफाय यंत्रांची नावे आणि ब्लूटूथ यांचा मेळ घालून फोन आपली जागा काही मीटरांच्या फरकाने ओळखतो. टॉवरच्या नोंदी मागायला निदान कागद करावा लागतो, त्यावर कुणाची तरी सही असते. ॲपने गोळा केलेल्या नोंदी मागायला फक्त पैसे लागतात.

आणि त्या विकत घेतल्या जातात याचे पुरावे आता ढिगाने आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी एक प्रकरण उजेडात आणले. नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे ‘मुस्लिम प्रो’ नावाचे ॲप जगभरात कोट्यवधी लोकांच्या फोनवर होते. नमाजाच्या वेळेसाठी जागा कळणे आवश्यक, त्यामुळे भाविकांनी परवानगी विनासंकोच दिली. ती माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या दलाल कंपनीकडे जात होती आणि तिच्याकडून अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांकडे! बोभाटा झाल्यावर ॲपवाल्यांनी त्या कंपनीशी संबंध तोडले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या दलाल कंपनीच्या वारसदार कंपनीला दवाखाने, प्रार्थनास्थळे अशा नाजूक ठिकाणांची माहिती विकण्यास बंदी केली. भाविक माणसाने देवाचे नाव घेऊन दिलेली माहिती बाजार फिरून सैन्यापर्यंत पोचली, हे लक्षात घ्या. आपल्याकडे पंचांगाची, आरत्यांची, देवदर्शनाची ॲप घराघरांत आहेत. त्यांतली कोणती काय करतात असा आरोप आम्ही करीत नाही. सूर्योदयाची वेळ काढायला गावाचे नाव पुरते, एवढेच आमचे म्हणणे आहे. दाते पंचांग आमचा पत्ता न विचारता गेली कित्येक वर्षे तिथी सांगत आले आहे.

यात गंमत अशी की बहुतेक वेळा ॲप करणारा माणूस वाईट नसतो. तो दुसऱ्या कंपनीने दिलेला तयार तुकडा आपल्या ॲपमध्ये बसवतो, त्याबद्दल त्याला महिन्याकाठी काही रक्कम मिळते, आणि त्या तुकड्यातून माहिती कुठे वाहते हे त्यालाही नीटसे ठाऊक नसते. फुकट ॲपचे बिल कोण भरते ते इथे समजते. आमच्या कार्यकारिणीपुढे आलेल्या मंडळींना आम्ही हाच प्रश्न लेखी विचारला, ‘तुमचा खर्च कसा निघतो?’ लेखी उत्तर अजून यायचे आहे.

मोठ्या कंपन्यांचीही कथा वेगळी नाही. गूगलमध्ये ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केली तरी दुसऱ्या एका खटक्याआडून जागेची नोंद होतच राहते, हे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये दाखवून दिले. त्यावरून अमेरिकेतल्या ४० राज्यांशी गूगलला नोव्हेंबर २०२२ मध्ये ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. तिथल्या राज्यांनी आपल्या नागरिकांच्या वतीने भांडण केले. आपल्या वतीने कोण भांडणार?

सरकार, असे म्हणणाऱ्यांना आम्ही २०२० सालची आठवण देऊ इच्छितो. विस्मरण हा आपल्या समाजाचा जुना आजार आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात आपल्याच कर्नाटक सरकारने परदेशातून आलेल्या आणि घरी विलगीकरणात ठेवलेल्या माणसांच्या पत्त्यांच्या याद्या जाहीर केल्या. पुढे फर्मान निघाले की अशा प्रत्येकाने दर तासाला स्वतःचा फोटो सरकारी ॲपवर पाठवावा. रात्री दहा ते सकाळी सात एवढी झोपेची सवलत. फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश जात, आणि चुकारपणा करणाऱ्याला उचलून सरकारी केंद्रात ठेवण्याची धमकी होती. आणखी एका ॲपवर रुग्ण आधीच्या चौदा दिवसांत कुठे कुठे फिरला ते साऱ्या राज्याला पाहता येत होते. साथ भयंकर होती, हे मान्य. पण भीतीच्या दिवसांत दिलेली सूट सरकारच्या तोंडाला रक्तासारखी लागते.

केंद्राचे ‘आरोग्य सेतु’ २ एप्रिल २०२० रोजी आले. महिनाभरात, १ मे रोजी, कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना ते सक्तीचे झाले. ओरड झाल्यावर १७ मे रोजी ‘शक्यतो घ्यावे’ अशी भाषा आली. पण विमानापासून कचेरीपर्यंत दारातला माणूस ते दाखवा म्हणतच होता. बेंगळुरूच्या एका नागरिकाने कर्नाटक उच्च न्यायालयात धाव घेतली. मुख्य न्यायमूर्ती अभय ओक आणि न्या. विश्वजित शेट्टी यांच्या खंडपीठाने २५ जानेवारी २०२१ रोजी अंतरिम आदेशाने सरकारला रोखले. लोकांची माहिती इतर खात्यांना वाटायची तर त्यांची जाणती संमती हवी, आणि ती घेतलेली दिसत नाही, हा त्यामागचा विचार. ‘जाणती’ हा शब्द वाचकांनी अधोरेखित करून ठेवावा, पुढे लागणार आहे.

हेच न्या. ओक पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीचे प्रकरण आले. जामिनाची अट अशी की त्याने गूगल नकाशावर आपल्या जागेची खूण टाकावी आणि ती तपास अधिकाऱ्याला दिसत राहावी. ८ जुलै २०२४ रोजी न्या. ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ती अट रद्द केली. पोलिसांना आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट घटनेच्या २१व्या कलमात बसत नाही, असे त्यांनी सांगितले. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायाधीशांचा निकाल तर २४ ऑगस्ट २०१७ पासून आपल्या हाती आहेच. म्हणजे अमली पदार्थांच्या खटल्यातल्या आरोपीकडूनही जे सरकारला मागता येत नाही, ते आपण टॉर्चच्या ॲपला, पत्त्यांच्या खेळाला आणि आता आपल्या मंडळाला अंगठ्याने देऊन टाकतो आहोत!

ओरड केली तर काय होते याचेही ताजे उदाहरण आहे. दूरसंचार खात्याने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीपासून बसवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. देशभर गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घ्यावी लागली. पाच दिवस! आपल्या निवेदनांना जिल्हाधिकारी कचेरीतून पोच मिळायला याहून जास्त दिवस लागतात.

आता थोडे घरात डोकावू. हे लिहिणे आमच्यापैकी काहींना जड गेले, कारण हे आमच्याही घरांत आहे. मुलगी शिकायला पुण्याला गेली की तिच्या फोनवर ‘कुटुंब सुरक्षा’ नावाखाली माग काढणारे ॲप बसवले जाते. आई इथे रात्री अकरा वाजता नकाशावर निळा ठिपका पाहत बसते. ठिपका वसतिगृहातून हलला की फोन! काळजी असते, खोटी नाही. पण त्याच घरातला मुलगा पुण्यातच नोकरीला असतो, रात्री दोनला खोलीवर येतो, आणि त्याच्या फोनवर ठिपका नसतो. असे का, असे आम्ही एका बैठकीत विचारले तेव्हा बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एक वहिनी म्हणाल्या, “त्याने बसवूच दिले नसते.” मुलीने बसवू दिले कारण तिला नाही म्हणण्याची सोय नव्हती. ही संमती आणि कचेरीच्या दारातली आरोग्य सेतुची संमती यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. शिवाय तो ठिपका फक्त आई पाहत नाही. ज्या कंपनीचे ॲप त्या कंपनीच्या गोदामातही तो जातो. मुलगी रोज किती वाजता कोणत्या रस्त्याने एकटी चालते याची वही आपण परक्याच्या हाती देऊन तिला सुरक्षा म्हणतो.

शिवछत्रपतींचे बहिर्जी नाईक आपल्या व्याख्यानांत नेहमी येतात. बहिर्जींच्या माणसांनी मुलूख पालथा घातला तो शत्रूची खबर काढायला. स्वराज्यातल्या रयतेच्या मागे हेर लावल्याचे कुणी आम्हाला सांगितलेले नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू होण्यास त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कायदा परिपूर्ण नाही. सरकारला वाटेल त्या सरकारी यंत्रणेला त्यातून सूट देता येते, आणि माहिती अधिकाराच्या कायद्यालाही त्याने कात्री लावली आहे. ते भांडण वेगळे करू. पण त्यात एक तरतूद अशी आहे की ती वाचून आम्ही खुर्चीवरून उठलोच. संमती मागताना कोणती माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी सूचना माणसाला इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय दिला पाहिजे. २२ भाषा. त्यांत मराठी आहे, कोकणी आहे, कन्नडही आहे. आणि ‘त्या राज्याची राजभाषा’ अशी अट कुठेही नाही!

वाचकहो, याचा अर्थ पाहा. सातबाऱ्याचा उतारा मराठीत मिळावा, नोटीस मराठीत यावी, बसवरचा फलक मराठीत असावा म्हणून आपण किती अर्ज केले, किती मोर्चे काढले, किती डोकी फुटली! इथे मात्र माणूस बेळगावात राहतो की बडोद्यात, इंदुरात की हैदराबादेत, असा प्रश्नच नाही. मराठीत सूचना मागण्याचा पर्याय सर्वांना सारखा. मग आपल्यातल्या किती जणांनी तो मागितला? आपला फोन मराठीत करण्याचा खटका तरी कितींनी शोधला? दुकानाच्या पाटीसाठी रस्त्यावर उतरणारे आपण खिशातल्या पाटीपुढे इंग्रजीत ‘अलाऊ’ म्हणून मोकळे होतो. जी संमती आपल्याला वाचता येत नाही ती जाणती कशी? उच्च न्यायालयाचा तो शब्द इथे लागतो.

म्हणून कार्यकारिणीला आमचे स्पष्ट सांगणे आहे. हे ॲप या रूपात घेऊ नये. घ्यायचेच असेल तर सूचना आधी शुद्ध मराठीत यावी (भाषांतर यंत्राच्या मराठीत नव्हे, आम्ही तपासू). जागेची परवानगी मागणारा भाग मुळातून काढून टाकावा. वधू-वर नोंदणी तर ॲपवर जाऊच नये. मुलींची नावे, फोटो आणि पत्ते आजवर कपाटात कुलूपबंद राहिले आहेत आणि किल्ली कुणाकडे आहे ते सर्वांना ठाऊक आहे. वर्गणीचे म्हणाल तर पावतीपुस्तक आहे. ज्यांच्या चपला झिजल्या त्यांना मंडळाने नव्या चपला घेऊन द्याव्यात, ठरावाला आम्ही अनुमोदन देऊ.

प्रस्ताव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मतास येईल. सभेच्या आधीच्या रविवारी सकाळी दहा वाजता सभासदांनी आपापले फोन घेऊन वाचनालयात यावे. कॉलेजात शिकणारी आपली चार-पाच मुले-मुली बसणार आहेत. कोणत्या ॲपला जागेची परवानगी दिली गेली आहे, ‘नेहमी’चे ‘वापरताना’ किंवा ‘नाही’ कसे करायचे, ‘अचूक’ जागेऐवजी ‘अंदाजे’ कशी द्यायची, फोटोतून जागेची नोंद कशी काढायची आणि फोनची भाषा मराठी कशी करायची, हे ती प्रत्येकाला शेजारी बसून दाखवतील. चष्मा विसरू नये. चहा मंडळातर्फे.